इंटरनेटचे वाहतूक नियंत्रक

जुळे सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आमची जात विचारली नाही, अंडी खाता का विचारलं नाही, पाहुणे फार येतात का हेही विचारलं नाही. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सांगोल्याला कुटल्या गाडीनं जाता?"

नवरा सांगोल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. त्यानं सकाळची थेट गाडी सांगितली. मालकांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "ती सोडा. तिच्या आदी मंगळवेढ्याची निगती, तितनं बदला. उभं ऱ्हावं लागंल, पन पोचाल." मग डोळे उघडून माझ्याकडे वळले. "घर दिलं तुमाला."

जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या स्टँडांवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली होती. म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्या फलाटाला लावायच्या, आणि गाडी कधी येणार असं विचारणाऱ्या माणसांना उत्तर द्यायचं. गल्लीत सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. आम्ही तोंडावर काका म्हणायचो आणि मागे कंट्रोलरच. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती कागदोपत्रीच राहिली असावी. महापालिकेचं पाणी कधी नव्हे ते वेळेवर आलं की ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहत, उजव्या हाताची मूठ माईकसारखी तोंडासमोर धरत आणि खणखणीत पुस्तकी मराठीत सांगत, "वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे. पाणी थोडाच वेळ थांबेल. पिण्याचे पाणी भरून घ्यावे, धुणे नंतर काढावे." एरवी बोलताना अस्सल गावाकडची बोली, पण मूठ तोंडाशी गेली की भाषा इस्त्री करून बाहेर पडायची.

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन कर्नाटकात गेली होती. घरात बोलायला माणूस नाही म्हणून बिचारे घोषणा करतात, असं नवरा हळवा होऊन म्हणायचा. शेजारच्या बाईंनी हा गैरसमज लगेच दूर केला. काकू होत्या तेव्हाही भाजीत मीठ कमी पडलं की स्वयंपाकघराच्या दारात घोषणा व्हायची म्हणे.

इतकी वर्षं खिडकीत बसून त्यांनी एक तत्त्वज्ञान कमावलं होतं, आणि ते ऐकायला गिऱ्हाईक मिळालं की खूश असायचे. "कारन कदी सांगायचं न्हाय," ते म्हणायचे. "टायर फुटला म्हनलं की मानूस विचारतो, दुसरा का न्हवता? डायवर आला न्हाय म्हनलं की विचारतो, का न्हाय आला? भांडान वाढतंय. नुसतं म्हनायचं, येतीय, बसा. मानूस बसतो. बसला की निम्मा गार हुतो." त्यांच्या खिडकीची काच प्रवाशांनी किती वेळा फोडली असं नवऱ्यानं एकदा विचारलं, तर म्हणाले, "काच फोडनारा निराळा. त्यो बसतच न्हाय."

यामुळे एक गंमत व्हायची. आमच्या आधीच्या भाडेकरूनं कुठल्याशा कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर खाली जिन्याच्या भिंतीवर पेनानं लिहून ठेवला होता. कनेक्शन कधीच बंद झालेलं, तरी काका रिकामे असले की बटणाच्या मोबाइलवरून तो नंबर लावायचे आणि स्पीकर चालू करून ऐकत बसायचे. लोक रेडिओ लावतात तसे. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे" हे वाक्य आलं की मान डोलवायचे. "काय वाक्य हाय! आमाला असलं वाक्य दिलं आसतं तर एकबी काच फुटली नसती." मग एखादी मुलगी फोन घ्यायची आणि असुविधेसाठी खेद आहे म्हणायची. काका तिला म्हणायचे, "बाळ, आवाज चांगला हाय तुजा, पन जरा हळू बोल. घाई केली की लोकांना खोटं वाटतंय." ती गोंधळून "आणखी काही मदत करू शकते का सर?" विचारायची. काका समाधानानं फोन ठेवायचे.

आता आमची अडचण सांगते. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दवाखान्यांची बिलं आणि विम्याचे दावे जुळतात का ते तपासायचं, रोज सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये तोंड दाखवायचं. नवऱ्याची कायमची नोकरी सांगोल्याला, माझी पुण्याची. आम्ही दोघं एका छपराखाली जेवू शकत होतो ते या घरबसल्या कामामुळेच. म्हणजे आमचा संसार एका वायरीवर टांगलेला होता, आणि ती वायर घरात आणायची परवानगी कंट्रोलरांच्या हातात होती.

"भितीला एकच भोक पडंल," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आन ते कुनाच्या वायरीसाटी, ते मी ठरवनार."

मला परवडणारं आणि न तुटणारं, एवढंच हवं होतं. काकांना काय हवं होतं ते कळायला वेळ लागला.

पहिला उमेदवार मोठ्या कंपनीचा विक्रेता होता. सोलापूरच्या उन्हात टाय बांधून आला, यातच त्याचे निम्मे गुण गेले. काकांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बोला. किती जोरात पळतंय?"

त्यानं वेगाचा आकडा सांगितला.

"आमच्या बशीच्या कपाळावर 'जलद' लिवल्यालं आसायचं," काका म्हणाले. "पन ते रंगाऱ्यानं लिवलेलं, डायवरनं न्हाय. म्होरं बोला."

"सर, प्लॅन अनलिमिटेड आहे. कितीही वापरा. फक्त ठरलेल्या मर्यादेनंतर स्पीड थोडा कमी होतो."

"म्हंजे मोहोळपस्तोर एक्सप्रेस, आन म्होरं हरेक लिंबाखाली थांबनार."

विक्रेता हसला. त्याला वाटलं काका विनोद करताहेत. "आणि सर, पहिले काही महिने ऑफर आहे, जवळजवळ फुकटच पडतं."

"आन त्याच्यानंतर?"

विक्रेत्यानं टाय सरळ केला.

"सहा महिन्याचं आदी भरायचं आसंल ना?"

"हो सर, पण राउटर फ्री."

"पयला टप्पा सवंग, आन मधी उतरायचं म्हनलं तर दार उगडत न्हाय. असली गाडी मी फलाटाला लावू दिली नसती." मग काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि एकदम प्रेमानं विचारलं, "तुजं घर कुटं रे?"

"हेड ऑफिस हैदराबादला आहे, सर."

"ऑफिस न्हाय. घर."

"मी लातूरचा, सर."

"मंग बंद पडलं की मी लातूरला येऊ व्हय?"

त्याला चहा मिळाला, चहाबरोबर शेंगाचटणी-भाकरीही मिळाली, भिंतीला भोक तेवढं मिळालं नाही. दुसऱ्या कंपनीचा माणूस तर फोनवरच बाद झाला. त्यानं स्वतःच्या घराचा पत्ता सांगायला नकार दिला. त्याच्या जागी मी असते तर मीही दिला असता.

मी वैतागले होते. मोबाइलचं नेट वापरून मीटिंगा करत होते आणि प्रत्येक मीटिंगला माझा चेहरा अर्धा उघडलेल्या तोंडानं थिजायचा. शेवटी मीच मागच्या गल्लीतल्या केबलवाल्याला बोलावलं. हा पूर्वी टीव्हीची केबल वाटायचा, आता त्याच खांबांवरून फायबर ओढत होता. दर बरा होता, महिन्याच्या महिन्याला द्यायचे, बांधिलकी काही नाही. काकांनी त्याला काहीच विचारलं नाही. "तू जा," म्हणाले, "मी येतो तुज्या घराकडं." आणि खरंच पायात चपला सरकवून त्याच्या घरी गेले.

तिथं त्याची आई दारात बसली होती, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. गल्ली तिला अम्मा म्हणते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही एकदम. काका तिच्याशी तासभर बोलत बसले आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर सोयरीक जमल्याचं तेज होतं.

"ठरलं," ते म्हणाले. "ह्याचंच घ्यायचं. आय लई खमकी हाय."

"काका, आईचा आणि इंटरनेटचा काय संबंध?"

"बाई, तुमी शिकलेल्या. पन हे तुमाला न्हाय कळायचं." मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "कंपनीला आय नसती."

आता आम्ही स्वतःच्या घरात राहतो, आणि तिथं मोठ्या कंपनीचं नेट आहे. बंद पडलं की यंत्राशी बोलावं लागतं. एक दाबा, दोन दाबा. परवाच असं दाबत बसले असताना मला हे वाक्य आठवलं आणि मी एकटीच हसत सुटले. नवऱ्याला वाटलं, नेट आलं.

तर केबलवाल्यानं लाइन आणली. बाहेरून येणाऱ्या वायरीचा डबा काकांनी स्वतःच्या घरात शिरायच्या बोळात, विजेच्या मीटरशेजारी बसवायला लावला, आणि तिथून एक वायर वर आमच्या राउटरला. दुसरं भोक नको म्हणून ही सोय. डबा छोटासाच, वर हिरवे दिवे. काकांनी त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी नॅपकिन घातला. मला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याची.

पहिले काही दिवस स्वर्ग होता. मग लाइन जायला लागली. अगदी रोज नाही, पण बहुतेकदा अकराच्या सुमाराला, मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं रे उघडलं की जायची, आणि दुपारी तीनच्या आसपास एकदा. थोड्या वेळानं आपोआप यायची. केबलवाला फोन उचलायचा नाही. तेव्हा मी जिन्यातून ओरडायचे, "काका, गेलं!" आणि काकांची यंत्रणा कामाला लागायची. ते चपला घालून मागच्या गल्लीत जायचे. अम्माला सांगायचे. अम्मा सूप बाजूला ठेवून मुलाला फोन लावायची. आईचा फोन तो उचलायचाच. "एमि रा?", म्हणजे काय रे, इथून सुरुवात व्हायची आणि मग तेलुगू-मराठीचा असा पट्टा सुटायचा की तो जिथं असेल तिथून गाडी वळवून आधी घरी यायचा. अम्मा त्याला तोंडभर शिव्या द्यायची, मग "तिन्नावा?" म्हणून विचारायची, म्हणजे जेवलास का, आणि ताट वाढायची. जेवून, ओशाळं तोंड करून तो आमच्याकडे यायचा, तेव्हा लाइन केव्हाच सुरू झालेली असायची.

"वहिनी, सगळ्या एरियात कुणाचं जात नाही," तो डबा उघडून, वायर ओढून, पुन्हा बसवून म्हणायचा. "तुमचंच कसं जातं तेच कळत नाही मला. आणि एक विनंती आहे. कंट्रोलरांना सांगा, माझ्या आईला सांगू नका म्हणावं. गिऱ्हाइकासमोर फोनवर ऐकून घ्यावं लागतं हो."

"आय हाय म्हनून तर तू येतोस," काका आतून म्हणायचे.

पुण्याच्या आमच्या मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. पण किती दिवस समजून घेणार? एकदा त्यांनी मला वेगळं बोलावून स्पष्टच सांगितलं. एका मोठ्या क्लायंटसमोर मला सगळं काम मांडायचं होतं. ते नीट पार पडलं तर ठीक. त्यात लाइन तुटली, तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. त्यात वाटाघाट नाही. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "मी दर शनिवारी येत जाईन." लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मला पुण्यात कॉटबेसिसवर राहायचं नव्हतं. मला हेच घर हवं होतं, खालच्या घोषणांसकट.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते एकदम ताठ झाले, मंत्र्याची गाडी स्टँडात येणार असल्यासारखे. त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. अम्माला निरोप गेला, अम्मानं मुलाला दम दिला की आज दुपारपर्यंत गल्ली सोडायची नाही. साडेदहाला जिन्याखालून घोषणा झाली, "प्रवाशांनी निश्चिंत असावे. आज गाडी कोठेही बंद पडणार नाही."

अकराला मीटिंग सुरू झाली. मॅनेजरबाईंनी माझी ओळख करून दिली. मी नमस्कार केला, पहिलं पान उघडलं, दोन वाक्यं बोलले, आणि पडदा थिजला. राउटरवर लाल दिवा.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. "काका, गेलं!" असं ओरडत बोळात शिरले, तर काका स्टुलावर बसलेले. डब्यावरचा नॅपकिन खांद्यावर. उजव्या हातात हातपंखा, त्यानं डब्याला वारा घालत होते. डाव्या हातात डब्याचा प्लग.

"काका, हे काय?"

"काई न्हाय, काई न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "जरा दम खाऊ देतोय. आज लांबचा पल्ला हाय न्हवं? हात लावून बगा, पाट कशी तापलीय. आमच्या गाड्याबी घाट चढायच्या आदी थांबवायचो, रेडेटरला पानी पाजायचो."

"तुम्ही... हे रोज करता?"

"व्हय की. माजा अकराचा च्या झाला की एकदा, आन तिनाच्या टायमाला एकदा. म्हनून तर टिकलाय." त्यांच्या आवाजात खरोखर अभिमान होता.

मी प्लग हिसकावून लावला. त्या डब्याला शुद्धीवर यायला नेहमीसारखाच वेळ लागला. वर पोचले तेव्हा मीटिंग संपली होती आणि मॅनेजरबाईंचा निरोप आला होता की पुण्यात राहण्याची सोय बघायला घ्या.

मग मी पुन्हा खाली आले आणि बोलले. सगळं बोलले. "तुम्ही माझी नोकरी घालवलीत," म्हणाले. "आता हा सांगोल्याला आणि मी पुण्याला. त्या नॅपकिननंच तापतो तो डबा, कुणी सांगितलं होतं पांघरूण घालायला? तो काय तुमची बस आहे?" आजूबाजूच्या बायका दारात आल्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा काकांनी विचारलं, "म्हंजे ती रोज बंद पडायची ती... मी पाडत हुतो?"

एवढ्या दिवसांत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी थांबा घेणं आणि बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. थांबा त्यांचा होता, बंद पडणं केबलवाल्याचं.

त्यांनी नॅपकिनची घडी घातली, चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेले. तिथं काय झालं ते मला नंतर केबलवाल्यानं सांगितलं. तो तिथंच होता, आईच्या हुकमानं गल्लीत अडकून पडलेला. काका दारात उभे राहिले आणि अम्माला म्हणाले, "तुज्या पोराची कायबी चुकी न्हवती. प्लग मी काडत हुतो. तू त्याला उगंच शिव्या दिल्यास." केबलवाला आधी भडकला, मग त्याला हसू आवरेना. अम्मा मात्र हसली नाही. तिचा हात सुपातल्या तंबाखूत तसाच राहिला. ती म्हणाली, "मग आता हा दुपारचा घरी कशाला येईल जेवायला?"

संध्याकाळी काका वर आले. भाडेकरूच्या घरात मालकानं चढू नये असा त्यांचा नियम होता, तेव्हा मी त्यांना आमच्या उंबऱ्यात प्रथमच बघत होते. नवरा नुकताच सांगोल्याहून आला होता. काका आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुमच्या सायबांचा नंबर द्या."

"मॅडम आहेत. आणि काही उपयोग नाही, काका."

"द्या."

मी दिला. त्यांनी बटणं दाबली, मूठ तोंडाशी नेली, मग त्या हातात फोन आहे हे लक्षात येऊन तो कानाला लावला. "नमस्कार. सोलापूरहून सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक बोलत आहे. आज सकाळी अकरा वाजता झालेला खोळंबा, तसेच यापूर्वीचे सर्व खोळंबे, आपल्या कर्मचारी बाईंमुळे झालेले नाहीत. लाइनमुळेही झालेले नाहीत. ते मी केलेले आहेत. मी प्लग काढत होतो. त्याचे कारण असे की..." इथं ते अडले. कारण सांगायची सवयच नव्हती. भाषेची इस्त्री मोडली. "म्याडम, त्यो डबा लई तापतो वो. मला बगवत न्हाय."

बराच वेळ ते ऐकत राहिले. मध्येच "व्हय" म्हणायचे, मध्येच "न्हाय, न्हाय, बाई हुशार हाय की". मग फोन माझ्या हातात दिला. मॅनेजरबाईंचा आवाज विचित्र येत होता, हसू दाबून बोलत असल्यासारखा. म्हणाल्या, क्लायंटला मी उद्या अकराला पुन्हा बोलावून बघते. पण ही शेवटची.

मी काकांना थँक्यू वगैरे म्हटलं नाही. राग उतरला नव्हता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. हातात कुलूप आणि किल्ली. "बोळाचं दार बाहेरनं लावा," म्हणाले. "मी हितं भाईर बसतो. किल्ली तुमच्याकडं ठेवा."

"कुलूप कशाला? तुम्ही हात लावू नका म्हणजे झालं."

"ते तुमाला सोपं वाटतंय. अकरा वाजले, च्या झाला, की हात आपसूक जातोय. माज्या हाताचा मला भरवसा न्हाय."

मी त्यांना त्यांच्याच घराबाहेर काढून कुलूप घातलं. चैत्रातलं ऊन होतं. ओट्यावर भिंतीची अरुंद सावली होती, तिच्यात ते पाय आखडून बसले.

मीटिंग लांबली. क्लायंट चिकित्सक निघाला, एकेक आकडा उलटून पालटून विचारत होता. मी बोलत होते आणि एक डोळा राउटरवर होता. हिरवा. हिरवाच. शेवटी क्लायंटनं मान डोलावली, बाकीचे गेले आणि मॅनेजरबाई मागे थांबून म्हणाल्या, "असंच चालणार असेल तर राहा सोलापुरात." मी खुर्चीतून उठून खोलीभर नाचले. नवऱ्याला फोन लावला. तो प्रयोगशाळेत होता, मुलांसमोर त्याला धड ओरडताही येईना. आम्ही बराच वेळ काहीबाही बोलत राहिलो. फोन ठेवला आणि टेबलावरच्या किल्लीकडे लक्ष गेलं.

धावत खाली गेले. ओट्यावरची सावली केव्हाच सरकून गेली होती. काका तिथंच बसलेले, डोक्यावर तोच नॅपकिन, शर्ट अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद.

"अहो काका, हाक नाही का मारायची!"

"माजा आवाज मोटा हाय," ते म्हणाले. "मीटिंगमदी गेला आसता."

ज्या माणसानं मिठासाठी घोषणा केल्या, तो त्या उन्हात तोंड मिटून बसला होता. मला रडू आलं. या माणसाचा मला लळा लागलाय हे तेव्हा कळलं, आणि पुण्याला जावं लागलं असतं तर याच्यावाचूनही करमलं नसतं, हेही.

"राहिलो काका आम्ही," मी म्हणाले. "इथंच."

त्यांनी मान हलवली, नॅपकिन काढला आणि तोंड पुसायला लागले. खूप वेळ पुसत राहिले.

मी कुलूप काढलं. ते आत गेले, पण डब्यापासून हातभर लांब थांबले आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. तिथूनच वाकून बघत राहिले. मीच पुढे होऊन डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला. तापला होता, चांगलाच.

"मीटिंग झाली आता," मी म्हणाले. "काढा की प्लग."

"तुमी काडा."

मी प्लग काढला. हिरवे दिवे एकेक करून विझले. काकांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि खिळ्यावरचा हातपंखा काढून माझ्या हातात दिला.